ईकोमधे दोघांना (आणि एका कार्टीला) नीट झोपता येईल असा पलंग कसा करावा?

गाडीवान_पुणे

नमस्कार मंडळी. जरा पाल्हाळ लावतोय, कंटाळा आला तर थेट शेवटचे प्रश्न वाचा.

आमच्याकडे मारुती ईको आहे, पाच सीटर. सुट्टी लागली की मी, बायको आणि सहा वर्षांची मुलगी असे तिघं कोकणात पळतो. मागच्या महिन्यात डोक्यात किडा आला की दर वेळी खोली शोधत बसण्यापेक्षा गाडीतच झोपायची सोय करू. मागची सीट बोल्ट काढून घरी ठेवली, भाजीवाल्यांचे असतात ते प्लास्टिकचे क्रेट उलटे मांडले, त्यावर १८ एमएमचा प्लाय आणि त्यावर सहा इंची फोमची गादी. दुकानदार म्हणाला साहेब एकदम हॉटेलसारखी झोप लागेल. मी पण खूश, ट्रायल न घेताच वेळासला कासवं बघायला निघालो आणि परतताना केळशीला पहिली रात्र गाडीत काढली.

हॉटेल राहू दे, एसटी स्टँडवरच्या बाकावर बरी झोपलो असतो. एक तर गाडी किंचित उतारावर होती ते कळलंच नाही, रात्रभर मी बायकोच्या अंगावर आणि ती दाराच्या हँडलवर. उठून बसायला गेलो की डोकं टपाला. पाय सरळ होईनात कारण माझी उंची पाच फूट दहा आणि पलंग भरतो पाच फूट आठ. कंबर गादीत खड्डा करून रुतलेली. वर भयानक उकाडा, आणि सकाळी गादी उचलून बघतो तर खालचा प्लाय चक्क ओला! पाणी कुठूनच सांडलेलं नव्हतं. पहाटे तीनला बायको उठून ड्रायव्हरच्या सीटवर जाऊन बसली ती उजाडेपर्यंत तिथेच. मुलगी मात्र आम्हा दोघांवर आडवी पसरून मस्त घोरत होती.

तर आता बायकोने एकच चान्स दिलाय, पुढच्या ट्रिपला असंच झालं तर पलंग भंगारात. प्रश्न असे
गादी कुठली घ्यावी आणि किती जाड?
पलंगाची उंची किती ठेवावी, खाली बॅगा पण मावल्या पाहिजेत
लांबी कमी पडते त्याचं काय करू?
आणि तो ओलावा कसला?

आतल्या फरशीपासून टपापर्यंत मी टेप लावली तर ४७ इंच भरले.

---

टपावरची_ताई

दादा, गादीवर यायच्या आधी उतार. आम्ही नवराबायको जुन्या ओम्नीत बऱ्याच रात्री काढल्यात आणि पहिल्या दोनतीन ट्रिपा अगदी तुमच्यासारख्याच गेल्या, गादी बदलली, उशा बदलल्या, भांडणं झाली, आणि दोष निघाला जागेचा. डोळ्याला सपाट वाटणारी जागा सपाट नसते हो, समुद्राकाठची तर कधीच नसते.

सोपा उपाय सांगते. पाण्याची बाटली थोडीशी हवा राहील इतकी भरून पलंगाच्या फळीवर आडवी ठेवायची, एकदा लांबीत आणि एकदा रुंदीत. हवेचा बुडबुडा ज्या बाजूला पळतो ती बाजू उंच. लांबीतला थोडा उतार चालतो, फक्त उशी उंच बाजूला घ्यायची. रुंदीतला उतार अजिबात चालत नाही, त्यानेच तुम्ही रात्रभर एकमेकांवर घरंगळता. त्यासाठी आम्ही दोन लाकडी फळ्यांचे तुकडे ठेवतो, दीड दोन इंच जाडीचे, टायरएवढे रुंद. खालच्या बाजूच्या दोन्ही चाकांपुढे टाकायचे आणि हळूच गाडी वर चढवायची. मग गिअरमधे टाकून हँडब्रेक, आणि चाकाला दगड. दगड विसरू नका.

दुसरं म्हणजे डोकं मागच्या दाराकडे, पाय पुढे. ईकोचं इंजिन पुढच्या सीटखाली असतं ना, दिवसभर चालवून आलात की तिथली धग दोनेक तास तरी जात नाही. केळशीला तुमचं डोकं कुठे होतं?

---

गाडीवान_पुणे

ताई, डोकं पुढच्याच बाजूला होतं 🙈 आणि आम्ही उकाड्यासाठी कोकणाला शिव्या घातल्या.

---

चहाटळ

एवढं सगळं करण्यापेक्षा घरगुती राहायची सोय बघा की राव, मोदक पण मिळतात. आमच्या हिच्या भाषेत सांगायचं तर घरी पलंग आहे तो मोडला का?

---

सुतारपक्षी

चहाटळराव, धाग्याला दृष्ट लागू नये म्हणून तुमची एक कमेंट लागतेच.

गाडीवान, मी सुतार नाही पण मेव्हण्याचं वर्कशॉप आहे, त्यामुळे लाकडात हात घातलेला आहे. तुमचा आकडा घेऊन गणित करू. टप ४७ इंच. पाच दहा उंचीचा माणूस मांडी घालून ताठ बसला तर बुडापासून डोक्यापर्यंत साधारण ३६ इंच लागतात. क्रेट आणि प्लाय मिळून किती झाले ते तुम्ही लिहिलं नाही पण १४ धरा, वर सहाची गादी, म्हणजे गेले २० आणि उरले २७. सत्तावीस इंचात माणूस बसत नाही, बोकडासारखा वाकून राहतो. तेव्हा पलंग आणि गादी मिळून १२-१३ इंचाच्या वर जाऊ देऊ नका. थोडी मान झुकवावी लागेल पण शर्ट तरी बदलता येईल.

आता खाली किती उतरायचं? ते चाकांवरचे उंचवटे ठरवतात. पलंग त्याच्या खाली नेला तर रुंदी दोन्हीकडून खाल्ली जाते, त्यामुळे उंचवट्याच्या माथ्यापासून अर्धा इंच वर फळी आली की बस. माझ्या अंदाजाने तुम्ही ९ इंचाच्या आसपास बसाल. खाली ट्रॉली बॅगा मावणार नाहीत, कापडी पिशव्या मावतील. बॅग की मान, एक काहीतरी निवडा. मी मान निवडली असती.

प्लायचं म्हणाल तर १८ एमएमची अख्खी आठ बाय चार शीट ३० किलोच्या वर जाते. तुम्ही कापून लावलीत तरी वीसबावीस किलो उगाच वागवताय. त्यापेक्षा फळ्या घ्या. पॅकिंगच्या खोक्यांचं पाइन लाकूड मिळतं ते चांगलं, रंधा मारून तीन इंच रुंद आणि पाऊण इंच जाड अशा पट्ट्या काढायच्या आणि दोन पट्ट्यांत दीड-दोन इंच फट. ओलावा त्या फटीतून जातो. तुमच्या प्लायला जायला वाटच नव्हती म्हणून पाणी धरलं.

आणि मला सगळ्यात आवडलेली आयडिया म्हणजे कंगवा. दोन चौकटी करायच्या, एक मागची आणि एक पुढची, एकीच्या पट्ट्या दुसरीच्या फटींमधे घुसतील अशा, दोन कंगवे एकमेकांत घातल्यासारख्या. दिवसा आत ढकलली की निम्म्या लांबीचा बाक होतो, मुलगी त्यावर पाय पसरून चित्रं काढेल (गाडी उभी असताना!), रात्री ओढली की पलंग. फक्त मधोमध खालून आधार द्या, नाहीतर जिथे दोन्ही चौकटी भेटतात तिथेच कंबर येते आणि तिथेच पट्टी वाकते. आमच्या पहिल्या प्रयोगात रात्री दीडला मेव्हणा पट्टीसकट खाली गेला होता, आवाजाने शेजारच्या तंबूतले उठून आले.

अजून एक, लोखंडी चौकट केली तर लाकूड आणि लोखंड जिथे टेकतं तिथे सायकलच्या जुन्या ट्यूबचे तुकडे लावा. नाहीतर खड्ड्यात कुईकुई आणि रात्री कूस बदलली की कुईकुई.

लांबी. ड्रायव्हरची सीट पुढे सरकते ना? मग तुम्ही ड्रायव्हरच्या मागे झोपा, वहिनी दुसऱ्या बाजूला. तुमच्या बाजूला पायाकडे सहा-सात इंचाचा तुकडा बिजागऱ्यांवर लावायचा, रात्री उघडायचा आणि त्याला खालून घडीचा पाय द्यायचा. दिवसा मिटला की काही अडत नाही. वहिनींची उंची किती?

---

गाडीवान_पुणे

पाच एक. म्हणजे तिला लांबी पुरते. (ती शेजारी बसून वाचतेय आणि म्हणतेय की पाच दीड.)

---

सातारी_कंदी

फोमबिम सगळं सोडा. सरळ कापसाची गादी करून घ्या मापाची, तीन इंची. आमच्या आज्जीची गादी चाळीस वर्षं चालली, दर दोनतीन वर्षांनी पिंजून घ्यायची की परत नवी. कोकणात फोमवर झोपणं म्हणजे इडलीपात्रात झोपणं.

---

सुतारपक्षी

कंदीसाहेब, घरी असेल तर मी पण कापसाच्याच बाजूने. पण गाडीत? एक तर जड, त्यात घडी धड होत नाही, आणि एकदा दमट हवेत ओल धरली की दोन दिवस कडक ऊन दिल्याशिवाय वास जात नाही. जूनमधे ऊन कुठून आणणार?

---

सातारी_कंदी

मग गोधडी घाला वरून. फोमवर चादर घालू नका ती सिंथेटिकवाली. जुन्या सुती साड्यांची गोधडी, दोन घेतल्या तर एक दिवसा टपावर वाळत टाकता येते. एवढं तरी ऐका.

---

टपावरची_ताई

गोधडीला माझं पूर्ण अनुमोदन.

---

किवी_कोल्हापूरकर

मी न्यूझीलंडला असतो. इथे जुन्या टोयोटा एस्टिमात पलंग ठोकून फिरणारे ढिगाने, मी पण त्यातलाच, आकाराने तुमच्या गाडीपेक्षा थोडी मोठी एवढंच. ओलाव्याचं मी सांगतो कारण इथल्या थंडीत आमचं ते रोजचं रडगाणं आहे.

तुमचं पाणी बाहेरून आलेलं नाहीये, ते तुमचंच आहे. तीन माणसं बंद डब्यात रात्रभर श्वास सोडतात, घाम येतो, ती वाफ जिथे गार पृष्ठभाग सापडेल तिथे बसते. काचेवर बसली की दिसते. गादीतून खाली झिरपली की दिसत नाही, पण प्लाय खालून गार असतो त्यामुळे तिथे जाऊन तिचं पाणी होतं. लक्ष दिलं नाही तर दोन महिन्यांत गादीच्या पोटाला काळे ठिपके येतात, बुरशी, मग ती गादी गेलीच. मी एक अशी फेकलीये.

सुतारपक्षी म्हणतात त्या फटी हव्यातच. शिवाय गादी आणि पट्ट्यांच्या मधे काथ्याची चटई टाका, आपल्याकडे दारात घालतात तसली पण मोठी, म्हणजे गादी लाकडाला चिकटत नाही आणि मधे हवा खेळते. आणि दोन खिडक्या समोरासमोर बोटभर उघड्या ठेवायच्या, एकच उघडली तर उपयोग नाही, हवेला आत यायला एक आणि जायला एक लागते. सकाळी उठलं की पहिलं काम म्हणजे गादी उभी करून ठेवणे, चहा नंतर.

मेमरी फोम कोणी गळ्यात मारत असेल तर घेऊ नका. तो तापमानावर चालतो, थंडीत फळीसारखा कडक होतो आणि उकाड्यात मऊ पडून अंगाला लपेटून बसतो. कोकणात दुसरंच होणार. मी इथे पहिलं भोगलंय.

---

रस्तेबाज

गादीबद्दल मी लिहितो, आमच्या घरचा हा धंदा होता म्हणून थोडं कळतं. लोक 'चाळीस डेन्सिटी म्हणजे कडक' असं समजतात. डेन्सिटी म्हणजे एका घनमीटरला किती किलो माल आहे तो आकडा, म्हणजे फोम किती टिकेल ते कळतं. कडक-मऊपणा वेगळा, चाळीस डेन्सिटीत मऊ पण मिळतो. तुमचा सहा इंची फोम बहुतेक हलक्या डेन्सिटीचा होता, जाडी दाखवून विकलेला. हलका फोम जाड घेतला की कंबर जास्तच खोल जाते, कारण आपलं वजन सगळं कमरेत असतं.

चार इंचात काम होतं. खाली दोन इंच रिबाँडेड, म्हणजे फोमचे तुकडे दाबून केलेला तो रंगीबेरंगी दिसतो ना तो, चांगला टणक असतो. वर दोन इंच एचआर फोम, म्हणजे हाय रेझिलियन्स, दाबून सोडला की लगेच वर येतो तो. कुशीवर झोपणाऱ्याला खांदा आणि कंबर रुतायला वरचा थर लागतो आणि खालचा थर फळ्या टोचू देत नाही. दोन्ही चिकटवू नका, खोळीत सुटेच ठेवा, वाळवता येतात. आणि तीन तुकडे करून घ्या म्हणजे घडी होते, पण जोड कमरेखाली येऊ देऊ नका, एक मांडीखाली आणि एक खांद्याच्या वर. दुकानात गेलात की बसून बघू नका, दुकानदाराला काय वाटेल ते वाटू दे, दहा मिनिटं कुशीवर झोपून बघा.

आता दोन गोष्टी ज्या कुणीच लिहिल्या नाहीत.

पहिली, चौकट मोकळी ठेवू नका. जोरात ब्रेक लागला तर ते सगळं लाकूड तुमच्या मानेवर येईल. गाडीला नवीन भोकं पाडायची नाहीत, सीटचे बोल्ट जिथे होते तिथेच क्लॅम्प करून आवळा. आणि सीट काढून फिरताय ते जरा जपून. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ म्हणतं की आरसीवर जे लिहिलंय त्यात फरक पडेल असा बदल मालकाने करायचा नाही, आणि २०१९ च्या जानेवारीत सुप्रीम कोर्टाने पण कंपनीच्या मूळ स्पेसिफिकेशनच्या विरोधात बदल चालणार नाहीत असंच सांगितलंय. सुटा पलंग म्हणजे सामान, तो ठेवा खुशाल, पण सीटा कायमच्या उडवून आत कपाटं बसवणं ही वेगळी गोष्ट, ते करायचं असेल तर आधी आरटीओत विचारा. आणि मुख्य म्हणजे सीट घरी असताना मुलगी कुठे बसते? चालत्या गाडीत पलंगावर बसवत असाल तर कृपा करून बंद करा.

दुसरी, उकडतंय म्हणून इंजिन चालू ठेवून एसीत झोपायचं नाही. कधीच नाही, खिडकी थोडी उघडी ठेवून सुद्धा नाही. एक्झॉस्टमधला कार्बन मोनॉक्साइड उभ्या गाडीत आत शिरू शकतो, त्याला वास नाही, रंग नाही, झोपलेल्या माणसाला जाग येत नाही. थंडीत शेगडी किंवा गॅस आत पेटवून ऊब घेणं पण तसलंच. बॅटरीवर चालणारा अलार्म मिळतो, उशाशी लटकवा. उकाड्यासाठी यूएसबीचा पंखा आणि पॉवर बँक पुरते.

---

गाडीवान_पुणे

मुलीचा मुद्दा बरोबर आहे. जाताना ती पुढे आईच्या मांडीवर होती, तेही चूकच. मागची सीट परत बसवतो आणि पलंग सीटच्या भोवतीने कसा होईल ते बघतो. सुतारपक्षी, कंगवा सीटच्या मागून सुरू करून सीटवरून पुढे आणता येईल का?

---

सुतारपक्षी

येईल, पण सीटची पाठ पुढे पडली पाहिजे आणि पडल्यावर तिची उंची किती होते ते मोजा. ९ च्या वर जात असेल तर आपलं सगळं गणित हललं. मग गादी पातळ करावी लागेल. मोजून सांगा.

---

टपावरची_ताई

डासांचं कोणीच बोललं नाही? मागचं दार उघडं टाकून झोपण्यात खरी मजा. मच्छरदाणीचं कापड शिंप्याकडून दाराच्या मापाचं शिवून घ्या आणि कडेच्या दुमडीत छोटी लोहचुंबकं घाला, पत्र्याला चटकन चिकटतं. सरकत्या दारांना ते खिडकीवर चढवायचे जाळीचे मोजे बसत नाहीत, पैसे घालवू नका, मी घालवलेत.

---

गाडीवान_पुणे

तीन आठवड्यांनी अपडेट देतोय, उशीर झाला कारण फॅब्रिकेटर 'उद्या देतो' म्हणत राहिला.

सीट परत बसवली. पाठ पाडून मोजलं तर साडेअकरा इंच भरले, त्यामुळे सुतारपक्षींचं ९ चं स्वप्न तुटलं. मग पलंग १२ वर घेतला आणि गादी अडीच इंचाची केली, दीड रिबाँडेड आणि वर एक एचआर. वर उरले साडेबत्तीस. ताठ बसता येत नाही, कोपरावर रेलून चहा पिता येतो. उंची गेली पण सीट राहिली आणि कार्टी बेल्ट लावून बसते, त्यामुळे तक्रार नाही. कंगव्याच्या पट्ट्या फक्त मागच्या भागात आहेत, सीटवर नुसती एक फळी येते. माझ्या पायाकडचा बिजागरीचा तुकडा झकास झालाय, त्याचा घडीचा पाय मात्र पहिल्याच रात्री लाथ लागून मिटला आणि माझे पाय लोंबकळले. आता त्याला कडी लावलीये.

परवा वेळणेश्वरला गेलो होतो. बाटली आडवी ठेवली तर बुडबुडा डावीकडे पळाला, उजवी दोन्ही चाकं फळ्यांवर चढवली. डोकं मागे, वर जाळी, खाली काथ्याची चटई आणि सासूबाईंच्या साड्यांची गोधडी. सकाळी गादी उचलली, खालच्या पट्ट्या कोरड्या! एका कोपऱ्यात जरा दमट लागलं, तिथे चटई पुरली नव्हती. कंबर बरी आहे. खांदा थोडा दुखला, वरचा एक इंच कमी पडतोय बहुतेक, पण अजून जाडी वाढवली तर रेलणं पण बंद होईल.

बायको सकाळी सातपर्यंत झोपली. मी विचारलं कसं वाटलं तर म्हणाली "पलंग ठीक आहे, तुझं घोरणं डब्यात घुमतं."

---

रस्तेबाज

खांद्यासाठी सगळी गादी जाड करू नका. वरच्या थरात खांद्याखाली येणारा तुकडा तेवढाच मऊ फोमचा बदलून बघा, जाडी तीच. शंभर-दोनशेचं काम.

---

सातारी_कंदी

गोधडी 🙏

---

चहाटळ

घोरण्यावर उपाय म्हणजे घरगुती सोय, दोन खोल्या.